साहेबांच्या पाया पडलेली माणसं

दादा गेल्यावर आमच्या घरात सगळ्यात आधी दूध कमी पडायला लागलं. तेरावं उरकलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज कुणी ना कुणी मदत करायला येऊ लागलं. मदत करायला आलेल्या माणसाला चहा द्यावाच लागतो. माझी बायको शेजारून तांब्यानं दूध आणायची, पांढऱ्या कपड्यातली माणसं आमच्या बाजेवर मांडी घालून तो चहा प्यायची, बशीत सांडलेला भुरकायची, आणि मग म्हणायची, ताईंना जरा बाहेर बोलवा. वहिनी बाहेर यायची. तिचा हात गव्हाच्या पोत्याला नाहीतर साडीला लावून फोटो काढायचे आणि गाडीत बसून निघून जायचे. एकानं तर फोटोत आपले डोळे मिटलेले आले म्हणून दिलेली साडी परत घेतली आणि पुन्हा दिली. वहिनीनं ती दोन्ही वेळा मान खाली घालून घेतली. मी दारात उभा होतो आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली होती.

दादा आणि वहिनी दरवर्षी ऊस तोडायला जायचे. आमचं गाव नांदूरघाटापासून जवळ, आणि आमच्या भावकीतली निम्मी घरं दिवाळीनंतर कुलूप लावून कारखान्यावर जातात. त्या वर्षी उसाचा हंगाम संपून कारखाना बंद झाला तसा दादा लेकीला घेऊन मोठ्या शहरात मेव्हण्याकडं गेला. तिला सँडल घेऊन देतो असं त्यानं कबूल केलं होतं. सँडल घेत असतानाच त्या बाजारात बॉम्बस्फोट झाला. दादा जागच्या जागी गेला. पोरगी दुकानाच्या आत, खोक्यांच्या मागं होती, म्हणून वाचली. तिच्या खांद्यात काचा घुसल्या होत्या. त्या निघाल्या, जखम भरली. पण आवाजाची जी भीती तिच्या अंगात शिरली ती काही निघेना.

कुकरची शिट्टी झाली की ती ताटावरून उठून माळवदावरच्या खोलीत जाऊन कोपऱ्यात बसायची. कुणी दार आपटलं, हातातून पातेलं पडलं, मोटारसायकलचं सायलेन्सर फाटकं असलं, की तिचा रंगच उडायचा. तिची शाळाही सुटली. वहिनीनं कुकर माळ्यावर टाकला आणि पुन्हा पातेल्यात डाळ शिजवायला लागली. पहिल्या दिवाळीला आमच्या गल्लीत एकही फटाका वाजला नाही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, बैठक झाली नव्हती. पोरं आपापले फटाके घेऊन ओढ्याच्या पलीकडं गेली आणि तिकडं वाजवून आली. एवढ्या सगळ्या मदतीत मला मदत वाटावी अशी तेवढीच एक गोष्ट होती, आणि तिचा फोटो कुणी काढला नाही.

माझी पिठाची गिरणी आहे. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकसारखा चालणारा आवाज आधी सहन होऊ द्या, अचानक होणाऱ्या आवाजापासून मात्र जपा. तशी ती आधी गिरणीच्या समोरच्या लिंबाखाली बसायला लागली. मग ओट्यावर. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती आत येऊन स्वतःच्या हातानं ज्वारी ओतायला लागली, तेव्हा वहिनी गिरणीच्या दारात उभी राहून पदरानं तोंड पुसत होती. मला म्हणाली, "भावजी, पोरगी माघारी आली बगा."

बीडला एका प्रतिष्ठानाचं वसतिगृह होतं. शाळा आवारातच, आणि अशा भ्यालेल्या लेकरांशी बोलणारी एक बाई तिथं रोज यायची. डॉक्टरांनीच ते नाव सुचवलं. आम्ही एकदा जाऊन आलो. त्या बाईंनी पोरीला काहीच विचारलं नाही, नुसत्या शेंगा सोलत तिच्या शेजारी बसल्या. परत येताना पोरगी आपणहून म्हणाली, "मी ऱ्हाते हितं. आठवीला हितंच येते." दोन वर्षांत तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. वहिनी त्या दिवसापासून एकाच ध्यासानं कामाला लागली. पोरीला त्या बाईजवळ पोचवायचं, बाकी जग गेलं खड्ड्यात.

मेच्या अखेरीला प्रतिष्ठानाचे सचिव घरी आले. अंगावर कडक इस्त्री, बोटात अंगठ्या. आम्ही चहा दिला. ते म्हणाले, जिल्ह्यातल्या दहशतवादग्रस्त कुटुंबांना प्रतिष्ठान दत्तक घेणार आहे. मोठा कार्यक्रम आहे, साहेब स्वतः येणार आहेत, त्यांच्या हस्ते प्रवेशाचं पत्र मिळेल.

"दत्तक कावून?" वहिनी आतून म्हणाली. "तिची माय जित्ती हाय की."

"तसं नाही ताई, म्हणायची पद्धत आहे."

"कागुद हितंच देता येत न्हाई का?"

सचिव हसले. साहेबांच्या हस्ते मिळण्यात मान असतो म्हणाले. मग मी विचारलं, फटाके वाजणार का? आमच्याकडं साधा सरपंच निवडून आला तरी लड लावतात, वाढदिवसाला लावतात, जामीन मिळाला तरी लावतात. साहेब येणार म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. पोरीचं सगळं त्यांना नीट सांगितलं. सचिवांनी कानाला हात लावला. "अहो, बॉम्बस्फोटात सापडलेल्या लोकांचा कार्यक्रम आणि आम्ही फटाके वाजवू? एवढी तरी अक्कल आहे आम्हाला." त्यांनी वहिनीला शब्द दिला. वहिनी मला म्हणाली, माणूस बरा दिसतो.

कार्यक्रम बीडला, मैदानावर मांडव घालून. पोरीला मी वाटेत सगळं समजावून सांगितलं होतं. माईक असेल, टाळ्या असतील, हलगी असेल. हलगीला ती तयार होती. गिरणीसारखीच हाय की ती, म्हणाली. स्टेजवर एका बाजूला आमच्यासाठी खुर्च्यांची रांग होती. ज्यांचं कुणी गेलं ते होते, आणि जे स्वतः सापडून वाचले तेही होते. माझ्या शेजारी कडा गावचा एक माणूस होता. तो शहरात वॉचमन होता आणि स्फोटात त्याचा डावा हात खांद्यापासून गेला होता. त्याला मुलाच्या नोकरीचं विचारायचं होतं. आम्हाला आल्या आल्या शाली पांघरल्या आणि हातात नारळ दिले. कड्याच्या माणसानं नारळ मांडीवर ठेवला आणि एका हातानं तो घसरू नये म्हणून धरून बसला.

साहेब दुपारी येणार होते, ते उन्हं उतरल्यावर आले. तोवर माईकवर एक निवेदक आमची दुःखं वाचून दाखवत होता. कुणाचा कुठला अवयव गेला, कुणाच्या घरात कोण राहिलं नाही, हे सगळं तो यमक जुळवून सांगायचा आणि टाळ्या मागायचा. दादाचं आलं तेव्हा सँडलवर त्यानं चार ओळी केल्या होत्या. वहिनीनं पोरीचे कान हातानं झाकले. मी हातातला नारळ खाली ठेवला. पण उठून जाता येत नव्हतं, प्रवेशाचं पत्र अजून मिळायचं होतं.

पुढं काय झालं ते मला नंतर कळलं, तरी इथंच सांगून टाकतो. सचिवानं शब्द पाळला होता. त्यानं आपल्या पोरांना फटाके वाजवू नका असं सांगितलं होतं आणि आणलेला माल मांडवामागं ठेवून दिला होता. पण साहेबांच्या स्वागताला दुसरा गटही आला होता. त्या गटाचे एक भावी आमदार आहेत. भावी म्हणजे गेली कित्येक वर्षं भावीच आहेत. त्यांना साहेबांच्या नजरेत भरायचं होतं. त्यांनी फाटकाच्या एका बाजूला जेसीबी उभा केला होता, वरून पाकळ्या उधळायला. आणि साहेबांची गाडी वळली तशी त्यांच्या पोरांनी लड पेटवली. ती लड ऐकून प्रतिष्ठानाच्या पोरांचं रक्त तापलं. कार्यक्रम आपला आणि आवाज त्यांचा? ती मांडवामागं पळाली, आणि ठेवून दिलेलं सगळं, सुतळी बॉम्बसकट, त्यांनी स्टेजच्या पाठीमागंच लावलं. सचिव नंतर मला म्हणाला, "त्यांनी वाजवल्यावर आपण गप कसं बसायचं? साहेबांनी काय समजलं असतं?" हे तो खरोखर मला पटेल अशा चेहऱ्यानं सांगत होता.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्हाला नुसता पाठीमागून धडाका ऐकू आला. आणि आमची निम्मी रांग जमिनीवर गेली. जे कधीकाळी स्फोटात सापडले होते ते सगळे एका क्षणात खुर्च्यांवरून खाली. कुणी गुडघ्यावर, कुणी पालथं, कपाळ स्टेजला टेकलेलं, हात डोक्यावर. नारळ गडगडत गेले. कड्याचा माणूस एका कुशीवर आडवा पडला होता आणि राहिलेल्या हातानं त्यानं मान झाकली होती. पोरगी वहिनीच्या हातातून निसटून पुढच्या टेबलाच्या झालरीत शिरली, पण तिचं डोकं आत आणि निम्मं अंग बाहेर राहिलं. खाली बसलेल्या लोकांना वाटलं काहीतरी रीत असेल. काहींनी मोबाइल वर केले. काही हसले.

बॉम्ब वाजतच होते, आणि तेवढ्यात साहेब पायऱ्या चढून स्टेजवर आले. अंगावर पाकळ्या, गळ्यात हार. समोर पाहतात तर माणसं जमिनीला कपाळ टेकून पडलेली. ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांना बरं वाटलं. त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाले, "अरे अरे, उठा. पाया कशाला पडता? मी तुमचाच आहे."

निवेदकानं ते लगेच उचललं. भारावलेली कुटुंबं साहेबांच्या चरणी नतमस्तक झाली आहेत, असं तो माईकवर ओरडला आणि टाळ्यांचा पाऊस पडला. साहेब वाकले आणि कड्याच्या माणसाला उठवायला त्यांनी त्याचा डावा हात धरला. त्यांच्या मुठीत नुसती रिकामी बाही आली. क्षणभर ते गोंधळले, मग ती बाही तशीच धरून कॅमेऱ्याकडं बघत उभे राहिले. फोटोवाला म्हणाला, साहेब, अजून एक.

मी टेबलाखालून पोरीला ओढून काढलं. ती रडत नव्हती. तिचे दात एकमेकांवर आपटत होते आणि कपडे ओले झाले होते. वहिनीनं आपली शाल काढून तिच्या कमरेभोवती गुंडाळली. त्या सगळ्या कार्यक्रमात उपयोगी पडलेली तेवढीच एक वस्तू.

मी सचिवाला गाठलं. म्हटलं, ती माणसं पाया पडत नव्हती, भ्याली होती. तुम्ही माईकवरून एवढं सांगा. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या हो. चांगलं दिसलं. साहेब लई खूश हायत, तुमचंच काम होईल." घाईत त्याचं शुद्ध मराठीही सुटलं होतं. त्याचा हात खांद्यावरून झटकावा असं फार वाटलं. पण वहिनी माझ्याकडं बघत होती आणि पत्र अजून त्याच्याच खिशात होतं.

पत्र मिळालं. साहेबांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून ते वहिनीला दिलं, आणि ही आपली लेक आहे असं माईकवर सांगितलं. मग त्यांचं भाषण झालं, त्यात आमच्यापेक्षा साखर कारखान्याच्या निवडणुकीबद्दल जास्त होतं. भाषणानंतर बुंदी आणि वरणभात होता. कड्याचा माणूस पंगतीत बसला नाही. तो फाटकाबाहेर येऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, "पाव्हणं, म्या आजपतूर कुनाच्या पाया पडलो न्हाई. आता गावात तोंड कसं दाखवू?" मुलाच्या नोकरीचं विचारायचं त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. एसटी आली आणि तो गेला.

आमच्या गावात तर उलटंच झालं. मोबाइलवर ते चित्रण सगळ्यांनी पाहिलं होतं. नांदूरघाटच्या बाजारात एकानं मला अडवून विचारलं, साहेबांच्या एवढ्या जवळ कसे गेलात वो तुमी, आमचंबी एक काम हाय. लोकांना आमचा हेवा वाटत होता. किळस आली मला त्या बाजाराची, भाजी न घेताच परत आलो.

पोरगी पुन्हा माळवदावरच्या खोलीत गेली होती. गिरणीकडं फिरकत नव्हती. पण शाळा उघडायची वेळ आली तशी एके दिवशी खाली आली आणि वहिनीला म्हणाली, "त्या बाईकडं जायचं ना?" वहिनीनं तिच्यासमोरच पेटी भरायला घेतली. दोन गणवेश, सतरंजी, खोबरेल तेल, कुणीतरी मदत म्हणून दिलेलं ताट. मी आदल्या दिवशी बीडला जाऊन शाळेचा दाखला देऊन आलो. त्या बाई भेटल्या. कार्यक्रमाचं त्यांना कळलं होतं. लाजेनं त्यांना माझ्याकडं बघवत नव्हतं. घेऊन या तिला, म्हणाल्या.

शेजाऱ्याची जीप केली. मांजरसुंब्याला तो चहासाठी थांबला. ट्रकचे हॉर्न, धाब्यावरची आदळआपट, सगळं चाललं होतं आणि पोरगी वहिनीचा हात घट्ट धरून ते सहन करत होती. मला तिचं कौतुक वाटलं. मग ती एकदम वर बघायला लागली. चौकात फ्लेक्स लागला होता. साहेबांचा वाढदिवस होता. वरच्या बाजूला हात जोडलेले साहेब, कडेनं शुभेच्छुकांची लहान लहान तोंडं, सचिवाचंही, आणि मध्यभागी तो फोटो. जमिनीला टेकलेली माणसं, साहेबांच्या मुठीत रिकामी बाही, टेबलाखालून बाहेर आलेले पोरीचे पाय आणि ओला झगा. खाली लिहिलं होतं, पीडितांचे दैवत.

पोरीनं ते सावकाश वाचलं. तिला वाचायला वेळ लागतो.

"आई," ती म्हणाली, "म्या त्यांच्या पाया पडले न्हवते. भ्याले होते."

"म्हाईत हाय माय मला."

"तिथल्या पोरींला कुटं म्हाईत हाय?"

पोरीनं माझ्याकडं वळून विचारलं, "काका, वसतिगृहाला बी लावलाय का ह्यो?"

मी आदल्या दिवशीच तो पाहिला होता. वसतिगृहाच्या फाटकावर, इथल्यापेक्षा मोठा. आत जाणाऱ्या प्रत्येक पोरीला त्याच्याखालून जावं लागत होतं. मी त्या बाईंना तो काढायला सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, मी सांगून पाहिलं, आता परत बोलले तर मलाच काढतील. खोटं बोलण्यात काही अर्थ नव्हता. अर्ध्या तासात तिला ते दिसणारच होतं. मी म्हणालो, "हाय."

"मंग मी न्हाई जायची."

वहिनीनं तिला समजावलं नाही. ज्या पत्रापायी तिनं सचिवाला चहा पाजला, ओल्या लेकीला शाल गुंडाळून साहेबांपुढं उभी राहिली, ते पत्र पिशवीत तिच्या मांडीवर होतं. तिनं ती पिशवी बाजूला सारली. मग तिनं पेटीवर हात ठेवला आणि चहा पिऊन येणाऱ्या शेजाऱ्याला म्हणाली, "गाडी माघारी फिरवा."

प्रतिष्ठानाच्या अहवालात पोरीचं नाव पुनर्वसन झालेल्यांत आहे, सचिवानं मला स्वतः दाखवलं. तिची आठवी अजून सुरू झालेली नाही.